सांदी

मार्गशीर्षात वडगावची थंडी
दारातून येत नाही.
दाराला कडी आहे, ओळख लागते.
ती येते उत्तरेच्या खिडकीकडून,
चौकट आणि भिंत यांच्यामधल्या
सुताएवढ्या वाटेनं,
आणि थेट मानेवर बसते.

मागच्या गल्लीतले माग साडेनऊला थांबतात.
खडखड विझली की शीळ ऐकू येते.
नवरा म्हणतो, ही खिडकी झोपू देत नाही.
उद्यमबागेत आठ तास भट्टीपुढं उभा राहणारा माणूस,
लोखंडाचा रस ओततो
आणि दोऱ्याएवढ्या वाऱ्याला भितो.

आज उदबत्ती लावली. देवापुढं नाही.
चौकटीच्या कडेकडेनं हात नेला, हळू,
बाळाच्या टाळूवरून न्यावा तसा.
धूर सरळ चालला होता,
बिजागरीपाशी आत वाकला.
तिथं खडूची खूण.
खालच्या कोपऱ्यात तर चक्क माघारी फिरला.
तिथं दोन.
वरती डावीकडं हललाच नाही:
कुंभारमाशीनं माझ्या आधीच
चिखल थापून ठेवला होता, गुळगुळीत,
मजुरी न मागता.

काळप्पा बडिगेरनं केलेली खिडकी.
लग्नाआधी पंधरा दिवसांत हवी होती सासऱ्यांना.
परवा बाजारात भेटला. म्हटलं, तुमची खिडकी वाजतीय.
हसला. "लाकूड ओलं होतं ताई,
मामंजी घाईत.
वाळलं की अंग चोरतंयच ते."
चोवीस वर्षं वाळतंय.
मीही त्याच महिन्यात इथं बसवलेली.

खडे बाजारात दुकानदारानं कन्नडमध्ये विचारलं, कशाला पाहिजे?
मी म्हटलं, सांदी बुजवायला.
तो म्हणाला, हां, संदी.
दोघांनाही वाटलं
समोरचा आपल्या भाषेत बोलला.
खडूची भुकटी, पाव लिटर आळशीचं तेल,
तीन रुपये सुटे नाहीत म्हणून एक खिळा.

आधी जुनं काढावं लागतं,
नाहीतर नवं धरत नाही.
विणायच्या सुईनं उकरलं:
काळी पडलेली कापसाची वळकटी,
साडीची किनार, आमच्याच मागावरची,
जो रंग आता कुणी मागत नाही,
खानापूरच्या गाडीचं तिकीट,
आणि घडी घालून घालून
काडीएवढा केलेला वहीचा कागद.
उलगडला. गोल गोल अक्षरं कन्नडची,
वर लाल शाईत दहापैकी दोन.
वैजूचा. चौथीतला.
आता हुबळीच्या दवाखान्यात ती
रात्रपाळीला पेशंटांना
त्याच भाषेत रागावते, अडखळत नाही.
तेवढ्या एका जागेतून
इतकी वर्षं वारा आला नव्हता.
कागद मी पुन्हा तसाच दुमडला
आणि होता तिथंच सारला.

लांबी मळताना हात फसतात,
चपातीची सवय, सारखं पाणी मागतात.
हिला तेलच लागतं, आणि अंगठ्याचा जोर.
भेग भेग दाबत गेले.
शेवटची खूण पुसली तेव्हा
माग थांबायची वेळ झाली होती.

उदबत्ती परत फिरवली.
धूर छतापर्यंत सरळ गेला,
ओळंबा सोडावा तसा, उलटा.

जेवण झालं. दिवा घालवला.
साडेनऊ. खडखड विझली.
खोली भरणीसारखी बंद.
आणि शीळ आलीच.

उठले. अंधारात चौकटीवर तळहात ठेवला.
लांबी ओली, थंड, कुठंही हवा नाही.
परत येऊन आडवी झाले, कान दिला.
बारीक, आत जाताना एक,
बाहेर येताना जरा लांब.
त्याच्या छातीतून.

किती वर्षं आम्ही
खिडकीला बोल लावत होतो.

पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं.
बोटांना तेलाचा वास होता.
वैजूची पाळी सकाळी आठला सुटते.